‘एम्प्रेस ऑफ एशिया’ मागे का पडली? महायुद्धातल्या सैनिकी बोटींच्या इंजिनांबद्दल प्रश्न

भिंगारकर

नमस्कार. मी नगरचा, भिंगार कॅम्पाच्या अलीकडे लहानाचा मोठा झालो. शाळेत इतिहास शिकवतो. इंजिनातलं फारसं कळत नाही, म्हणून प्रश्न इथे टाकतोय.

१९४२ च्या जानेवारीत ब्रिटिशांच्या १८व्या डिव्हिजनच्या काही पलटणी नगरला मुक्कामाला होत्या. ही मंडळी १९४१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून मध्यपूर्वेला म्हणून निघाली. हॅलिफॅक्सला त्यांना अमेरिकी प्रवासी बोटींवर चढवलं. आफ्रिकेला वळसा घालत असताना जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सगळ्यांची वाटच बदलली. २७ डिसेंबरला ती मुंबईत उतरली. नगरकडे थोडे दिवस कवायती झाल्या, आणि २३ जानेवारीला मुंबईहून निघालेल्या ताफ्यात ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ सव्वादोन हजार सैनिक घेऊन सिंगापूरकडे गेली. ५ फेब्रुवारीला, सिंगापूर अगदी हाकेच्या अंतरावर असताना, सुल्तान शोलजवळ जपानी विमानांनी ती पेटवली.

याबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे एक गोष्ट हमखास येते: बोट ताफ्याबरोबर राहू शकत नव्हती, सारखी मागे पडत होती. चार पंखे (प्रॉपेलर), वाफेची टर्बाइन, एके काळी पॅसिफिकवर नावाजलेली बोट. मग असं का झालं? दुसरीकडे ‘क्वीन मेरी’ युद्धभर पंधरा-पंधरा हजार माणसं घेऊन धावत राहिली. ती कुठे बंद पडल्याचं वाचनात नाही. फरक इंजिनाचा होता, की दुसरं काही? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

रात्रपाळी

वय, दुसरं काय! एम्प्रेस १९१२ ची, म्हणजे १९४२ साली तिची तिशी उलटत आलेली. क्वीन मेरी १९३६ ला धावायला लागली. तीस वर्षांच्या इंजिनाकडून काय अपेक्षा ठेवणार?

चीफ_चिपळूण

वयाचं कारण मला पटत नाही. का ते सांगतो, आणि सविस्तर सांगतो, कारण हा माझा जन्माचा विषय आहे. मी फिफ्थ इंजिनिअर म्हणून वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीवर चढलो आणि चीफ म्हणून उतरलो. निम्मं आयुष्य बॉयलर आणि कंडेन्सरच्या सोबतीत गेलं.

आधी ‘अक्विटानिया’ घ्या. तिची पहिली फेरी १९१४ च्या मे महिन्यात झाली. म्हणजे एम्प्रेसपेक्षा फार तर दोन वर्षांनी लहान. तिलाही चार पंखे. तिचीही पार्सन्सची टर्बाइनं, आणि तीही एम्प्रेससारखीच थेट पंख्याच्या शाफ्टला जोडलेली, मध्ये गिअर नाही. ही बोट पहिल्या महायुद्धात सैनिक वाहत होती, दुसऱ्यातही वाहत होती, आणि भंगारात गेली ती थेट १९५० साली. वय तेच, टर्बाइनची जात तीच, पंखे तेवढेच. मग दोघींच्या नशिबात एवढा फरक कशामुळे? अक्विटानियाचे बॉयलर पहिल्या महायुद्धानंतर तेलावर नेले होते. एम्प्रेस ऑफ एशिया शेवटपर्यंत कोळशावर होती, आणि तो कोळसा माणसं हाताने, फावड्याने टाकत होती. भिंगारकर, तुमच्या प्रश्नाचं ऐंशी टक्के उत्तर इथेच आहे.

टर्बाइन हे यंत्र मुळात थकत नाही. त्यात वरखाली होणारा पिस्टन नाही, आदळआपट नाही. एक दांडा, त्यावर हजारो पाती, आणि त्यांच्यातून जाणारी वाफ. बेअरिंगला स्वच्छ तेल मिळालं आणि वाफेबरोबर पाणी आलं नाही, तर ते वर्षानुवर्षं फिरत राहतं. आमच्या बोटीच्या टर्बाइनचं झाकण मोठ्या दुरुस्तीला उघडलं तेव्हा आतली पाती पाहून मी थक्क झालो होतो. इतकी वर्षं चालून कडा अजून धारदार. त्यामुळे वाफेची बोट ‘इंजिन बिघडून’ मागे पडली असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, वाफ होती का?

कोळशावर वाफ टिकवणं म्हणजे काय, ते आज कोणाला सांगून खरं वाटणार नाही. मी बोटीवर चढलो तेव्हा सगळीकडे तेलाचे बर्नर आले होते. पण आमचा म्हातारा सारंग (खलाशांचा मुकादम) कोळशाच्या बोटींवर वाढलेला होता आणि रात्रीच्या वॉचला, म्हणजे पाळीला, तो बोलायला लागला की मी कान देऊन ऐकायचो. चार तासांची पाळी. प्रत्येक आगवाल्याकडे ठरावीक भट्ट्या. कोळसा नुसता आत लोटून चालत नाही, जाळीवर सारखा, पातळ पसरावा लागतो. एका जागी ढीग झाला की तिथली आग गुदमरते, भोकं पडली की थंड हवा आत शिरते. मग राख आणि वितळून दगड झालेला क्लिंकर. तो लांब सळईने फोडून बाहेर ओढायचा. ज्या भट्टीची सफाई चालू असते ती तेवढा वेळ वाफ देत नाही, उलट उघड्या दारातून बॉयलर थंड करते. म्हणून दर पाळीत सफाईच्या वेळी दाब खाली येणारच. सरावाची माणसं भट्ट्या एकामागून एक अशा बेताने घेतात की वर ब्रिजवर कळतही नाही. नवखी असतील तर दाब पडतो, टर्बाइनचे फेरे पडतात आणि पुढची बोट क्षितिजाकडे सरकायला लागते.

आता यात तीन गोष्टी मिळवा. पहिली, कोळसा. युद्धात ज्या बंदरात जो मिळेल तो घ्यायचा. राख जास्त असलेला कोळसा आला की क्लिंकर दुप्पट, वाफ कमी. दुसरी, उष्णता. उत्तर अटलांटिकमध्ये वरून थंड वारा खाली येतो. इथे मुंबई ते सुंदा सामुद्रधुनी, विषुववृत्तावरून प्रवास. भट्टीसमोर माणूस किती वेळ उभा राहील? तिसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात: १९४० पर्यंत कोळशाचे कसबी आगवालेच कमी झाले होते. मोठ्या प्रवासी बोटी वीस वर्षांपूर्वीच तेलावर गेलेल्या. ‘ऑलिम्पिक’ तेलावर गेली तेव्हा तिच्या बॉयलर-इंजिनवरची माणसं साधारण ३५० वरून ६० वर आली. हा फरक एका बोटीतला. मग जगभर हा धंदा शिकणारी नवी पोरं कुठून येणार?

म्हणजे ज्या बोटीला प्रत्येक पाळीत डझनावारी तरबेज माणसं लागत, ती अशा काळात ताफ्यात आली जेव्हा तशी माणसं मिळत नव्हती. त्यात कोळशाचा काळा धूर. तेलाच्या बोटीवर बर्नर नीट लावला तर धुराड्यातून जवळपास काही दिसत नाही. कोळशाचा धूर विमानातल्या माणसाला खूप लांबून दिसतो.

आणखी एक पुरावा देतो. त्याच जानेवारीत, चारच दिवस आधी, मुंबईहूनच दुसरा ताफा सिंगापूरला गेला. त्यात तुमच्या पलटणींना आणणाऱ्या अमेरिकी ‘वेस्ट पॉइंट’ आणि ‘वेकफिल्ड’ होत्या, आणि ‘एम्प्रेस ऑफ जपान’ होती. ही शेवटची तर एम्प्रेस ऑफ एशियाच्याच कंपनीची, पण १९३० ची, तेलावर चालणारी, गिअरच्या टर्बाइनची. हा ताफा २९ जानेवारीला सिंगापुरात पोचला. तोच समुद्र, तेच शत्रू. एक आठवडा आधी आणि चांगल्या वेगाने.

आता क्वीन मेरी. तिची गोष्ट मी तासन्‌तास सांगू शकतो, पण इंजिनापुरतं सांगतो. चार पंखे, प्रत्येकाला स्वतंत्र टर्बाइनचा संच. पुढच्या इंजिनरूममधून बाहेरचे दोन पंखे, मागच्यातून आतले दोन. २४ यारो बॉयलर मुख्य कामाला, आणि दिवे, स्वयंपाक, गरम पाणी असल्या घरखर्चाला तीन बॉयलर वेगळे. दोन बॉयलर साफसफाईला थंड ठेवले तरी बोट जर्मन पाणबुडीच्या आवाक्याबाहेर पळते. पाणबुडी पृष्ठभागावर जेमतेम १७ नॉट (ताशी सागरी मैल), पाण्याखाली त्याच्या निम्म्यानेही नाही. ही २८ नॉट. २५ जुलै १९४३ ला न्यूयॉर्कहून ती निघाली तेव्हा तिच्यावर १६,६८३ माणसं होती. एवढी माणसं एका बोटीवर, आणि सोबतीला बहुतेक वाट कोणीच नाही, कारण तिच्या वेगाने महासागर ओलांडणं संरक्षक विनाशिकांना झेपत नसे. तिचा वेग हेच तिचं चिलखत होतं. त्या वेगासाठी खाली कोणीतरी रात्रंदिवस व्हॅक्यूमच्या काट्याकडे बघत बसलेलं होतं, याची आठवण कोणी ठेवत नाही. मला ती ठेवावीशी वाटते.

व्हॅक्यूम म्हटलं म्हणून थोडं विषयांतर. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड करून परत पाणी करतात. समुद्र जितका थंड, तितका व्हॅक्यूम चांगला आणि तितकी ताकद जास्त. उत्तर अटलांटिकसाठी बांधलेली बोट हिंदी महासागरात आणली की पाणी तीस अंशांच्या आसपास, व्हॅक्यूम आपोआप पडतो. त्यात माणसं दुप्पट-तिप्पट भरलेली, गोड्या पाण्याची ओढाताण, आणि बॉयलरला तर अगदी शुद्ध पाणी हवं. कंडेन्सरच्या हजारो नळ्यांपैकी एखादी गळायला लागली की समुद्राचं मीठ बॉयलरमध्ये जातं. मग नळ्यांना खपली धरते, नळी तापून फुगते, फुटते. पाण्याला फेस येऊन ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरलं तर पाती मोडतात.

हे मी आखातात अनुभवलंय. पहाटेच्या वॉचला नेहमीप्रमाणे पाण्याचा नमुना घेतला, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि काचेतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठ! सेकंड इंजिनिअरने एक शब्द न बोलता लाकडाच्या भुशाचं पोतं आणायला सांगितलं. समुद्राचं पाणी आत येतं तिथून भुसा थोडा थोडा सोडायचा. गळक्या सांध्यातून आतला व्हॅक्यूम तो ओढून घेतो आणि फट तात्पुरती बुजते. बंदर गाठेपर्यंत आम्ही त्या भुशावर आलो. युद्धाच्या काळातही हाच उपाय होता. फरक एवढाच की तेव्हा थांबून कंडेन्सर उघडायची सोय नव्हती.

रात्रपाळी

हे वाचून माझं मत बदललं. एक शंका आहे. क्वीन मेरी गोदीत कधी जायची? एवढा मोठा सांगाडा तळाला शेवाळ-शिंपले धरणार, त्यानेही वेग पडत असणार ना?

चीफ_चिपळूण

फार पडतो, आणि उष्ण पाण्यातल्या बंदरात बोट उभी राहिली की तळ झपाट्याने घाण होतो. हा तर तिचा खरा नाजूक प्रश्न होता. तिला घेईल अशी सुकी गोदी जगात बोटांवर मोजण्याइतकी. साउथॅम्प्टनला होती, पण तिथे जर्मन बॉम्ब. म्हणून १९४० मध्ये तिला सिंगापूरच्या नौदलाच्या गोदीत नेलं. १९४२ च्या सुरुवातीला बॉस्टनला नेलं, आणि तिथून आठ हजारांवर अमेरिकी सैनिक घेऊन ती ऑस्ट्रेलियाला गेली. त्याच सुमाराला ‘क्वीन एलिझाबेथ’ कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्क्विमाल्टला गोदीत होती.

आपल्या मुंबईची ह्यूजेस ड्राय डॉक मोठी खरी, साधारण हजार फूट लांब आणि शंभर फूट रुंद. क्वीन मेरी १,०१९ फूट लांब आणि ११८ फूट रुंद. मावलीच नसती. ती मुंबईला आली होती मात्र! १९४० च्या ऑक्टोबरात सिडनीहून ऑस्ट्रेलियन सैनिक घेऊन ती आणि अक्विटानिया निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला आल्या. एवढ्या मोठ्या बोटी तांबड्या समुद्रात घालायच्या नाहीत म्हणून माणसं इथे उतरवली, काहींना देवळालीच्या छावणीत ठेवलं आणि मग लहान बोटींनी सुएझला पाठवलं. नाशिककरांनी याचा शोध घ्यावा, तिथल्या कोणाच्या घरी आठवणी असतील.

क्वीन एलिझाबेथचं तर आणखी नवल. १९४० च्या मार्चमध्ये ती स्कॉटलंडच्या क्लाइड नदीतून थेट न्यूयॉर्कला पळवली तेव्हा तिच्या रीतसर चाचण्याही झालेल्या नव्हत्या. नव्या कोऱ्या टर्बाइन, नवे गिअर, नवे बॉयलर, आणि पहिलीच फेरी अख्खा अटलांटिक, पाणबुड्यांच्या मधून, गुपचूप. २ मार्चला निघाली, ७ मार्चला पोचली. कोणत्याही इंजिनिअरला विचारा, नव्या मशिनरीच्या पहिल्या शंभर तासांत काय काय होऊ शकतं. त्या पाच दिवसांत तिच्या चीफला झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

सायली_डोंबिवली

वाफेचं छान कळलं. त्या काळात डिझेलच्या प्रवासी बोटी होत्याच ना? त्यांनी सैनिक वाहिले का, आणि त्या जास्त भरवशाच्या ठरल्या का?

चीफ_चिपळूण

होत्या आणि वाहिले. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘दिलवारा’ आणि ‘दुनेरा’ तर १९३६-३७ मध्ये मुळातच सैनिक वाहायला बांधल्या, दोन्ही डिझेलच्या. डिझेलचा मोठा फायदा म्हणजे बॉयलर नाही, भट्टी नाही, हुकूम झाला की लगेच निघता येतं, आणि इंधन कमी लागतं. तोटा म्हणजे हलणारे भाग शेकड्यांनी. पिस्टन, झडपा, इंधनाचे पंप, प्रत्येकाकडे लक्ष हवं. सुटे भाग नाहीत तर गाडी अडली, आणि युद्धात सुटे भाग मिळणं म्हणजे दिव्य.

पण डिझेलच्या चिवटपणाची जी गोष्ट मला सर्वांत आवडते तिचा मुंबईशी थेट संबंध आहे, आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. ‘जॉर्जिक’, १९३२ ची, बेलफास्टला बांधलेली, व्हाइट स्टार कंपनीची शेवटची मोठी प्रवासी बोट. सत्तावीस हजार टनांच्या वर. तिची इंजिनं डबल-अॅक्टिंग, म्हणजे पिस्टनच्या वरच्या बाजूलाही स्फोट आणि खालच्या बाजूलाही. खालच्या बाजूला पिस्टनचा दांडा आगीतून जातो, त्याची पॅकिंग सांभाळणं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

१४ जुलै १९४१ ला सुएझजवळ जर्मन विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले. मागच्या भागात दारूगोळा उडाला, आग वरपर्यंत गेली, आणि बोट जळत असतानाच कप्तानाने तिला उथळ पाण्यात नेऊन टेकवलं. वरचा सगळा डोलारा वाकडातिकडा झाला, मागचा भाग पाण्याने भरला. कोणीही तिला भंगार म्हटलं असतं. पण पाहणीत निघालं की सांगाडा आणि मुख्य इंजिनं वाचवण्यासारखी आहेत. ऑक्टोबरात तिला तरंगवली, ओढत पोर्ट सुदानला नेली, तिथून पुन्हा ओढत कराचीला. १९४२ चं जवळपास सगळं वर्ष कराचीत तिच्यावर काम चाललं. समुद्राचं पाणी लागलेली इंजिनं कशी जिवंत करतात? गोड्या पाण्याने धुवायची, तेल पाजायचं, एकेक बेअरिंग उघडायचं, एकेक झडप घासायची, घाई अजिबात करायची नाही. डिसेंबरमध्ये ती कराचीहून मुंबईला आली, आणि यावेळी दोर लावून नाही, स्वतःच्या इंजिनांवर! मुंबईच्या सुक्या गोदीत तळ साफ झाला, डागडुजी झाली, पोटात वजनासाठी कच्चं लोखंड भरलं, आणि १९४३ च्या जानेवारीत तो जळका सांगाडा केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिव्हरपूलला निघाला. १ मार्चला पोचला. मग बेलफास्टला पुन्हा बांधून १९४४ च्या डिसेंबरात ती सैनिकी बोट म्हणून परत कामाला लागली, दोन धुराड्यांऐवजी एकच धुराडं घेऊन.

कराचीच्या आणि मुंबईच्या गोदीतल्या फिटर, बॉयलरमेकर, वेल्डर लोकांनी हे काम केलं. माझगाव, शिवडी, लालबागच्या चाळींतून रोज गोदीत जाणारी माणसं. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. कोणाचे आजोबा त्या काळी गोदीत असतील तर इथे जरूर लिहा, मी वाट बघतो.

सायली, ‘जास्त भरवशाचं कोणतं’ याचं माझं उत्तर असं: सुटे भाग आणि शिकलेली माणसं असतील तर दोन्ही. ती नसतील तर गिअरचं टर्बाइन आणि तेलाचा बॉयलर, कारण त्यात अडण्याच्या जागा कमी.

हर्णैकर

चीफ, तुम्ही आगवाल्यांबद्दल लिहिलंत ते वाचून आमच्या घरातलं आठवलं. माझे पणजोबा बोटीवर डेक सारंग होते. आमच्या गावातली बहुतेक माणसं डेकवर, इंजिनमध्ये फार कोणी नाही. असं का? आणि बुडालेल्या सैनिकी बोटींवर आपली माणसं किती असतील?

चीफ_चिपळूण

हर्णैकर, तुमच्या पणजोबांना नमस्कार. ही वाटणी जुनी आहे. मुंबईहून भरती होणाऱ्या पी अँड ओसारख्या कंपन्यांत डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे खलाशी, भट्टीवर आणि इंजिनमध्ये बरेचसे पंजाब-सरहद्दीकडचे, आणि जेवणखाण-केबिनमध्ये गोव्याचे. कलकत्त्याच्या बोटींवर इंजिनमध्ये सिल्हेटकडची माणसं. सारंग आपल्या गावातून, नात्यातून माणसं आणायचा, त्यामुळे एकदा बसलेली वाटणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

टॉर्पेडो किंवा बॉम्ब लागला की सर्वांत आधी मरतो तो खाली पाळीवर असलेला माणूस. वरून शिडी किती उंच असते ते तुम्ही आत उतरल्याशिवाय कळत नाही. २६ नोव्हेंबर १९४३ ला अल्जीरियाजवळ ब्रिटिश इंडियाच्या ‘रोहना’वर जर्मनांचा रेडिओने वळवता येणारा बॉम्ब पडला. १,०१५ अमेरिकी सैनिक गेले. ती माणसं भारतात यायला निघाली होती, चीन-ब्रह्मदेश आघाडीसाठी. बोटीवरचे बहुतेक खलाशी आपले, हिंदुस्थानी, आणि तेही शंभराच्या वर गेले. अमेरिकी सैनिकांबद्दल निदान पुढे लिहिलं गेलं.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. मुंबईत राहणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलंय? कोकणातल्या माणसाने तर एकदा जायलाच हवं.

रोहनाची बहीण म्हणावी अशी ‘राजुला’ मात्र वाचली. १९२६ ची, पिस्टनच्या जुन्या वाफेच्या इंजिनांची. युद्धात सैनिक वाहिले आणि नंतर मद्रास-सिंगापूर वाटेवर १९७३ पर्यंत धावली. ‘रात्रपाळी’, वयाबद्दल हा माझा दुसरा साक्षीदार.

भिंगारकर

सगळ्यांचे आभार. चीफ, तुमचं उत्तर मी नववीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे. शेवटचा एकच प्रश्न. एम्प्रेसच्या त्याच ताफ्यात इतर कोणत्या बोटी होत्या आणि त्यांचं काय झालं? आणि एम्प्रेसवरची माणसं वाचली कशी?

चीफ_चिपळूण

जरूर वाचा, आणि मुलांना बॉयलरचं चित्र काढून दाखवा, नाहीतर कळणार नाही.

ताफ्यात फ्रेंच ‘फेलिक्स रूसेल’, डच ‘प्लान्सियस’, आणि ब्रिटिश ‘डेव्हनशायर’ व ‘सिटी ऑफ कँटरबरी’ होत्या. शेवटच्या टप्प्यात वेगवान बोटी पुढे काढल्या आणि एम्प्रेस मागच्या गटात राहिली, त्यातही शेपटाला. विमानं आली तेव्हा सर्वांत मागची तीच. बॉम्ब लागून मधला भाग पेटला, माणसं पुढच्या आणि मागच्या टोकाला अडकली. ऑस्ट्रेलियन नौदलाची ‘यारा’ ही छोटी युद्धनौका थेट तिच्या मागच्या बाजूला येऊन चिकटली आणि तिने एकटीने १,८०० च्या वर माणसं उतरवून घेतली. जळत्या बोटीला अशी लगट करणं म्हणजे काय धाडस असतं! आपल्या रॉयल इंडियन नेव्हीची ‘सतलज’ही बचावात होती. एवढ्या मोठ्या बोटीवरची माणसं फार थोडी दगावली. पण वाचलेल्यांच्या तोफा, बंदुका, गाड्या, सगळं सामान बोटीबरोबर जळालं. ही माणसं जवळपास रिकाम्या हातांनी सिंगापुरात उतरली आणि दहा दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर पडलं. त्यांच्यातले कितीतरी पुढे सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर कैदी म्हणून गेले.

फेलिक्स रूसेल एम्प्रेसच्याच गटात होती. तिच्यावरही बॉम्ब पडला, आग लागली, माणसं दगावली. पण ती डिझेलची. खाली इंजिनं चालू राहिली, वेग टिकला, आग विझवत विझवत ती बंदरात शिरली. सैनिक उतरवले, सिंगापूरहून बायकामुलांना घेऊन पुन्हा बाहेर पडली आणि मुंबईला पोचली.